नको म्हणणाऱ्या बाबांना आणि हो म्हणणाऱ्या आईला

नेरुळ

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा ‘बरं, ठेवतो’ म्हणतात, म्हणून लिहितेय. विषय तोच, यूपीआयचा.

दादाचं म्हणणं, बाबांना आता वयामुळे जमत नाही. मला हे अजिबात पटत नाही. सत्तरी आईनेही ओलांडलीय आणि ती जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीलाही सराईतपणे स्कॅन करते. तिला शिकवलं कुणी? आम्ही नाही, भाजीवालीने. ‘सुट्टे नाहीत मावशी, जीपे करा.’ सुट्ट्यांची रोजची कटकट गेली, आईला तेवढं पुरलं.

ऐरोलीत माझी नोकरीच ही आहे: नवीन सॉफ्टवेअर आलं की लोकांना त्याच्या गळी उतरवायचं. फ्रेड डेव्हिस नावाच्या संशोधकाने 1989 मध्येच याचं मर्म लिहून ठेवलंय. टोरांटोला आयबीएममधल्या लोकांना त्याने कॉम्प्युटरवरच्या कामाबद्दल प्रश्न विचारले. नवी गोष्ट समोर आली की माणूस दोन गोष्टी बघतो, याचा मला उपयोग काय आणि हे मला सहज जमेल का. त्यातही उपयोगाचं पारडं बरंच जड निघालं. (आमच्याकडे मात्र बटणं मोठी करण्यावरच मीटिंगा झडतात.) पुढे 2003 मध्ये व्यंकटेश, डेव्हिस वगैरे चौघांनी त्यात भर घातली: आजूबाजूची माणसं काय म्हणतात, आणि अडलं तर मदतीला कोण आहे.

बाबा, तुमचं घोडं या शेवटच्या प्रश्नाशी अडलंय. त्या दिवशी केमिस्टकडे तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले, त्याचं मशीन मात्र काही बोललं नाही. मागे रांग. तो म्हणाला, ‘काका, आले नाहीत.’ तुम्ही मेसेज दाखवलात, त्याने मान हलवली. शेवटी खिशातल्या नोटा मोजून दिल्यात आणि बँकेत गेलात, तर तिथे ‘ॲपमध्ये तक्रार टाका’ म्हणाले. आयुष्यभर पावतीशिवाय पैसा न दिलेल्या माणसाला हे रुचेलच कसं? ‘शिकून घ्या ना’ हे यावरचं औषधच नव्हे.

तुम्हाला नियम लागतो, तर नियम सांगते. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच ठरवून दिलंय: दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे कापले गेले पण त्याला पोचल्याचं नक्की झालं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही न मागता. दुसरं, पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही. ‘पैसे मिळतील, पिन टाका’ म्हणणारा चोर समजायचा. आणि फसगत झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन.

तरीही धाकधूक वाटली तर वेगळं खातं काढू, त्यात दोन हजारच ठेवू. पेन्शनचं खातं फोनला जोडायचंच नाही. पासबुक तुमच्याच कपाटात.

हयातीच्या दाखल्याचं मात्र मी ताणणार नाही. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन दाखला, 2014 पासून आहे, आता फोनसमोर चेहरा धरूनही होतं. पण नोव्हेंबरात बँकेत गेलात की जुने सहकारी भेटतात, मग गोखले रोडला चहा, मग कोण आजारी, कोणाचा नातू कुठे. घरबसल्या दाखला देऊन तुमचं यातलं काय वाचणार? उलट जाईलच. तेव्हा खुशाल रांगेत उभे राहा. गुडघे फारच कुरकुरले तर फोन आहेच.

आई, तुझं उलटं आहे. तू भाजीवालीवर विश्वास ठेवलास ते ठीक, पण भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेली प्रत्येक लिंक उघडू नकोस. ‘सगळ्या बायकांनी केलं’ हे कारण नाही.

शनिवारी येतेय. बाबांचं आधार आणि पॅन काढून ठेव, आणि खात्याला कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते पासबुकात बघून ठेव. जुनाच असेल तर आधी तो बदलावा लागेल.

तुमची,
मनू