दादाच्या सिगारेटी

चि. सायलीस, अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, ‘दादाला गांजा सोडायचाच नाहीये, आजाराचं नुसतं निमित्त आहे.’ तो शेजारीच जेवत होता म्हणून मी गप्प राहिले.

आधी गांजा की आधी आजार, हा तुझा आणि बाबांचा आवडता वाद. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला होता. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया, म्हणजे दादाचाच हा भास-संशयाचा आजार, कधीच न ओढलेल्यांपेक्षा साधारण सहापट आढळला. पण हेही बघ, त्यातल्याही बहुतेकांना तो झाला नाही. म्हणजे मूळचा कमकुवतपणा लागतो, आणि असा मेंदू नशेकडे लवकर ओढलाही जातो. दोन्हीकडून रस्ता आहे, त्यामुळे मी तरी त्या वादात पडणार नाही.

कुठल्या गोष्टीला महत्त्व द्यायचं हे मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ठरवतं. दादाच्या आजारात तिथेच गोंधळ होतो. मग शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा आपल्यासाठीच वाजली असं वाटतं. नशा त्याच यंत्रणेला कामाला लावते. आणि ‘आता पुरे’ म्हणणारा कपाळामागचा भाग दोन्हींत दुबळा पडतो. तू म्हणतेस ती इच्छाशक्ती येते तिथूनच ना गं?

आता तुझं दुसरं वाक्य, ‘हॉस्पिटलात बरा होता, घरी येऊन नाटकं करतो.’ हे मला जास्त लागलं, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. त्याला ओलान्झापिन ही या आजारावरची गोळी चालू आहे. सिगारेटच्या धुरातल्या द्रव्यांमुळे यकृतातलं औषध मोडणारं एक एन्झाइम जोरात काम करू लागतं आणि औषध शरीरातून लवकर निघून जातं. वॉर्डात सिगारेट बंद होती. घरी आल्यावर रोज पाकीटभर ओढायला लागला, तर गोळी तेवढीच असूनही रक्तातलं औषध कमी पडतं. उलट एकदम सोडली तर तेच औषध जास्त होऊन झोप, गुंगी येते. निकोटिनच्या पट्टीने किंवा च्युइंगमने हे होत नाही, कारण करामत धुराची आहे. सगळं बिघडणं यामुळेच असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण सिगारेटी किती हे ते आता दर वेळी विचारतात आणि डोस त्यानुसार ठरवतात.

मधे आपण किती हेलपाटे घातले आठवतं? व्यसनवाले म्हणायचे आधी डोकं शांत करून आणा, मानसोपचारवाले म्हणायचे आधी नशा सोडवा. हे डॉक्टर दोन्ही एकाच फाइलवर लिहितात. मला तेवढ्यानेच हायसं वाटलं.

दिवाळीला येशील तेव्हा त्याच्यासमोर पाकीट चुरगाळून फेकू नकोस. सोडायचं त्याने ठरवलंच, तर तारीख आधी डॉक्टरांना कळवायची आहे. आणि चकलीची भाजणी इथूनच दळून ठेवते, तू आणू नकोस.

तुझी,
आई