मित्रास पत्र : डब्यातल्या बीअरला माल्ट आणि हॉप्सची जोड

मेलबर्न,
१४ जून

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या थंडीत गॅरेजमध्ये तीन आठवडे सांभाळलेली पहिली बीअर पातळ निघाली आणि तिला वासही आला नाही, म्हणून तू खट्टू झाला आहेस. पण दोष तुझ्या हाताचा नाही. घरी बीअर करण्यासाठी जो तयार डबा मिळतो, त्यावर लिहिल्याप्रमाणे तू त्यातल्या १.७ किलो माल्टच्या अर्कात एक किलो साखर घातलीस आणि पाणी ओतून २३ लिटर केलेस; त्या मापाने बीअर तशीच होते. मी सहा वर्षे हेच डबे वापरतो आहे, आणि त्यांत काय घालावे यापेक्षा ते केव्हा घालावे हे अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

आधी साखरेविषयी. साखर यीस्ट पुरती खाऊन टाकते. तिचे अल्कोहोल आणि कर्बवायू होतो, मागे काही उरत नाही. माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूतल्या, शर्करांपैकी मात्र साधारण पाऊण भागच यीस्टला पचतो आणि उरलेला भाग बीअरला अंग देतो; फेस धरून ठेवणारी प्रथिनेही माल्टमधूनच येतात. तुझी आई नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून वाळवायची आणि मग दळायची, ते तुला आठवत असेल. त्या सत्त्वाच्या पेजेला जी आपसूक गोडी यायची, तीच माल्टची गोडी. सातूला मोड आले की पिष्टाची साखर करणारी विकरे दाण्यात तयार होतात. मग त्या सातूचे गरम पाण्यात साखरपाणी करून, ते आटवून, त्यात हॉप्सचा, म्हणजे एका वेलीच्या कडू, सुवासिक फुलांचा, कडूपणा उतरवून डब्यात भरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक काम डबा उघडण्यापूर्वीच झालेले असते. तेव्हा साखर बाजूला ठेव, तिच्या जागी एक किलो फिकट सुका माल्ट घे आणि २३ ऐवजी २० लिटरवर थांब. एवढ्या एका बदलानेच फरक जाणवेल.

मात्र इथेच माझी चूक झाली होती, ती तू करू नयेस म्हणून लिहितो. माल्टने बीअर सुधारते हे कळल्यावर मी दुसऱ्या खेपेस दीड किलोचा बिनहॉप्सचा अर्क जास्तीचा ओतला आणि हॉप्स मुळीच घातले नाहीत. डब्यातला कडूपणा ठरलेल्या मापाचा असतो; माल्ट वाढवला की तो कमी पडतो. ती बीअर काकवीचे पाणी प्यायल्यासारखी लागली. ती कसर काढण्यासाठी तिसऱ्या खेपेस मी ५० ग्रॅम प्राइड ऑफ रिंगवूड हॉप्स तासभर उकळले. मेलबर्नच्याच रिंगवूड उपनगरात तयार झालेली ही जात कडूपणासाठीच प्रसिद्ध आहे. त्या बीअरचा एक घोट म्हणजे कारल्याचा रस होता. बाटल्या तीन महिने अंधारात ठेवल्या, तेव्हा कुठे ती पिण्याजोगी झाली.

हॉप्समध्ये दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, हे मला त्या खेपेनंतर नीट समजले. एक म्हणजे त्यातली अल्फा आम्ले. ती बराच वेळ उकळली तरच रूप बदलून पाण्यात उतरतात आणि कडूपणा देतात. दुसरी म्हणजे सुगंधी तेले; ती उकळताना वाफेबरोबर निघून जातात. फोडणीला घातलेली आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच इथे. डब्यात कडूपणा आधीच उतरवलेला असतो. जो हरवलेला असतो तो वास. म्हणून जास्तीचे हॉप्स शेवटी घालायचे आणि डब्यातला अर्क मुळीच उकळायचा नाही, कारण उकळून त्याचा रंग तेवढा गडद होतो आणि उरलासुरला वासही जातो.

आता मी प्रत्यक्ष कसे करतो ते सांगतो. अडीचशे ग्रॅम भरडलेला क्रिस्टल माल्ट जाळीच्या पिशवीत घालून दोन-तीन लिटर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवतो. पाणी ६५ ते ७० अंशांच्या मध्ये असावे. दाणे कधीही उकळू नयेत, नाहीतर सालीतला तुरटपणा उतरतो. क्रिस्टल माल्टच्या दाण्यातच पिष्टाची साखर झालेली असते, त्यामुळे आणखी काही करावे लागत नाही. पिशवी न पिळता काढून त्या तांबूस पाण्यात दर लिटरला १०० ग्रॅम या हिशेबाने सुका माल्ट विरघळवतो आणि उकळी आणतो. पहिली दोन मिनिटे पातेल्यापासून हलू नकोस. दुधासारखे ते वर येते आणि शेगडी चिकट करून टाकते. फेस बसला की २० ग्रॅम हॉप्स घालून दहाच मिनिटे उकळायचे. वाढवलेल्या माल्टला तोलून धरण्यापुरता कडूपणा त्यातून मिळतो. गॅस बंद केल्यावर आणखी २५ ग्रॅम घालून, झाकण ठेवून पंधरा मिनिटे मुरू द्यायचे. मग गाळून, उरलेला माल्ट आणि डब्यातला अर्क त्यात विरघळवून, आंबवण्याच्या पिंपात थंड पाण्याने २० लिटर करायचे.

हॉप्स कोणते घ्यावेत हे तुला मी सांगायची गरज नाही, कारण ते पिकतात तो नेल्सन आणि मोटुएकाचा प्रदेश तुझ्याच बेटावर आहे. मी इथे गॅलेक्सी ही जात वापरतो. पाकीट कापले की आतल्या, हॉप्स दळून-दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या सरकी पेंडेच्या तुकड्यांसारख्या दिसतात. दोन गोळ्या तळहातावर चुरडल्या की बोटांना राळेसारखा चिकटपणा येतो आणि पॅशनफ्रूटचा वास खोलीभर होतो. तू मोटुएका याच नावाच्या जातीपासून सुरुवात कर. त्यात लिंबाच्या सालीचा वास आहे, आणि तो तुला आवडेल याची मला खात्री आहे. नेल्सन सोव्हिन ही दुसरी जात पुढच्या खेपेला. दोन्ही एकदम घातलेस तर कोणाचा वास कोणता हे कळणार नाही.

डब्याच्या झाकणाखालचे यीस्टचे लहान पाकीट वापरू नकोस. साडेअकरा ग्रॅमचे यूएस-०५ यीस्ट घे आणि पिंप १८ ते २० अंशांवर ठेव. तुझ्याकडच्या जूनमध्ये त्यासाठी घोंगडी पुरणार नाही, गरम करणारा पट्टा लागेल. सहाव्या-सातव्या दिवशी बुडबुडे मंदावले की ३० ग्रॅम हॉप्स सरळ पिंपात टाक आणि चार दिवस राहू दे. या कोरड्या हॉप्समुळे आंबणे कधी कधी पुन्हा सुरू होते, म्हणून बाटल्या भरण्याची घाई नको. हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा दोन दिवस हलला नाही, तरच भर. पाऊण लिटरच्या बाटलीत ५ ग्रॅम साखर पुरते. आंबणे अर्धवट असताना भरलेली बाटली फुटते आणि काचा दूरवर उडतात, हे मी पाहिले आहे. स्वच्छतेचे तुला वेगळे सांगत नाही, पहिल्या खेपेला तू ती उत्तम पाळली होतीस.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे घरातल्या उबदार कपाटात ठेव, मग थंड जागी. पण हॉप्सचा वास फार टिकत नाही, म्हणून ही बीअर जपून ठेवण्याची नाही; दोन महिन्यांत संपवावी. पहिली बाटली उघडलीस की प्यायच्या आधी पेला नाकाशी धर, आणि मोटुएकाचा वास कसा उतरला आहे ते मला त्याच दिवशी लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझाच
मित्र