टाकीवरचा बोर्ड

रामबाग, इंदूर
12 नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. सात मायक्रोकंट्रोलर बोर्डांचा, म्हणजे प्रोग्राम घालून सेन्सर, बझर वगैरे चालवणाऱ्या छोट्या संगणकांचा तक्ता, त्यात घड्याळाचा वेग, मेमरी, पिना, किंमत, आणि खाली "सांग, कुठला घेऊ?" लेका, स्कूटर घेतानाही तू असाच तक्ता केला होतास आणि शेवटी रंग बघून घेतलीस.

तक्त्यात एकच रकाना राहिलाय: बोर्डाला जोडणार काय? म्हणून काल लोकमान्य नगरला तुझ्या घरीच जाऊन आलो. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, हौद भरतो, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी भरायची. टाकी भरली का ते बघायला काका जिना चढतात. काल मी बसलेलो असतानाच दोनदा चढले, आणि तिसऱ्यांदा उठेपर्यंत पन्हाळीतून धार लागली होती. नर्मदेकाठच्या जालूदहून जवळपास 70 किलोमीटर चढून आलेलं पाणी थेट गटारात! काकूंनी काकांकडे नुसतं बघितलं.

आता मला सांग, तुला बडोद्यात बसून मोबाइलवर टाकी बघायचीय का? बघून करणार काय, फोनच ना? काकांना स्वयंपाकघरात बझर वाजायला हवा, बस. म्हणजे वाय-फाय नको, आणि वाय-फाय नको म्हटलं की तुझी अर्धी यादी खोडली.

तुझ्या यादीतला ईएसपी32 बोर्ड वाईट नाही हं. दोन कोअर, 240 मेगाहर्ट्झ, वाय-फाय, ब्लूटूथ, त्या मानाने किंमत फारच कमी. पण त्याने मला रडवलंय. उन्हाळ्यात तुळशीच्या कुंडीतली ओल मोजायला घेतला होता. सेन्सरची तार 25 नंबरच्या पिनेला. आकडे झकास येत होते, आणि वाय-फाय सुरू केलं की गायब. सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, दोन रविवार गेले. मग कळलं, या चिपमध्ये ॲनालॉग, म्हणजे कमीजास्त होणारा व्होल्टेज मोजणारे दोन भाग आहेत आणि त्यातला दुसरा वाय-फाय चालू असताना वापरता येत नाही. 25 नंबर त्या दुसऱ्यातला. तार 34 वर नेली आणि काम झालं. पहिल्याच बोर्डावर तुझ्या नशिबी हे नको.

यादीतला रास्पबेरी पाय पिको तुला आवडेल, मायक्रोपायथन ही छोट्या बोर्डांसाठीची पायथन भाषा त्यावर छान चालते. पण तो 3.3 व्होल्टचा, ईएसपी32ही तसाच. बाजारातले स्वस्त सेन्सर बरेचसे 5 व्होल्टचे. अंतर मोजणारा तो दोन डोळ्यांचा अल्ट्रासोनिक घे, त्याच्या एकोच्या, म्हणजे प्रतिध्वनी कळवणाऱ्या पिनेवर 5 व्होल्ट येतात; मध्ये दोन रेझिस्टर घालून ते उतरवले नाहीत तर बोर्डाची पिन जाऊ शकते.

तेव्हा आर्डुइनोचा उनो बोर्ड घे. 16 मेगाहर्ट्झ आणि 2 किलोबाइट रॅम वाचून नाक मुरडू नकोस, टाकीला काय गणितं करायचीत? 2005 साली इटलीतल्या इव्हरेआत आर्डुइनो सुरू झालं तेच डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी, इंजिनियरांसाठी नव्हे. शिवाय उनोच्या आर3 आवृत्तीत सॉकेटात बसवलेली लांब चिप मिळते, तीच घे. जळली तर चिप तेवढी उपटून नवी बसवायची. आणि तू जाळणार, तुला मी शाळेपासून ओळखतो.

टाकीत अल्ट्रासोनिक नकोच, वाफेने त्याचे डोळे गंजतील. साधा फ्लोट स्विच टाकू, पाण्याबरोबर वर तरंगला की चालू होणारा. खरं तर फ्लोट, बझर आणि बॅटरी एवढ्यावरही भागतं, बोर्ड लागतच नाही. पण मग आपण दोघं करणार काय? गच्चीपासून ओट्यापर्यंत तार लांब आहे आणि मोटारीच्या शेजारून जाते, त्यामुळे बोर्डातल्या अंगच्या पुल-अपवर, म्हणजे स्विच उघडा असताना पिन वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर विसंबू नकोस, बाहेरून 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लाव. पाणी पडताना फ्लोट हिंदकळतो. पाच सेकंद सलग "भरली" म्हणाला तरच बझर वाजवायचा, असं प्रोग्रामात लिही. नाहीतर टाकी भरायच्या आधीच तो टिवटिवत राहील आणि काकू वायर उपटून टाकतील.

मोटार आपोआप बंद करायचं मात्र डोक्यातून काढ. सुरू होताना मोटार कित्येक पट करंट ओढते, त्या छोट्या निळ्या रिलेचे, म्हणजे बोर्डाने चालणाऱ्या स्विचचे काँटॅक्ट चिकटले की बंद होणारच नाही. ते पुढे कधीतरी, स्टार्टर आणि वायरमन घेऊन. सध्या बझर वाजला की काका बटण दाबतील.

बोर्ड मी महाराणी रोडवरून आणतो, तू फक्त डेटा चालणारी यूएसबी केबल घेऊन ये. मागच्या वेळी नुसत्या चार्जिंगच्या केबलीने आपली अख्खी संध्याकाळ खाल्ली होती. आणि येण्याआधी काकूंना विचारून ठेव, शनिवारी नर्मदा आहे की रविवारी.

तुझा,
सुहास