धडगावला जाण्याआधी, आई-नानांना

ती. आई आणि नाना यांना सा. न.

फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. पुण्याच्या हॉस्पिटलने राजीनामा मंजूर केला. पुढच्या महिन्यात मी नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावच्या दवाखान्यात रुजू होते.

नाना, पगार निम्म्यावर येईल याचा हिशोब तुम्ही मनात केलाच असेल. तुमची औषधं, आईचे गुडघे, दोघांचा विमा, एवढं बाजूला काढूनच मी हो म्हटलं. कूलरला नवा वाळाही उन्हाळ्याआधी लागेल. आणि आपल्या चोपड्याहून शिरपूर, शहादा, मग घाट. पुण्यापेक्षा जवळच येते आहे मी.

‘एखादं शिबिर घे आणि परत ये’ असं तुम्ही म्हणालात. शिबिरात रक्त तपासलं की पोराला सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आहे एवढं कळतं. पण त्यावरचं औषध, हायड्रॉक्सियुरिया, रोज घ्यायचं असतं, आणि ते चालू असेतो ठरावीक दिवसांनी रक्त तपासावंच लागतं. पाड्यावरच्या बाईने त्यासाठी नंदुरबार गाठायचं म्हणजे गाडीभाडंही गेलं आणि त्या दिवसाची मजुरीही. दोनदा जाते बिचारी, मग औषध सुटतं, आणि हाडं दुखून पोर रात्रभर रडतं. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा औषध सोबत बांधून द्यायला आणि परतल्यावर पुन्हा तपासायला ओळखीचं माणूस तिथेच हवं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून हा दोष रक्तात बाळगून असतील, तर दर बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. लग्न ठरण्याआधी हे घरात बसून, त्यांच्या पावरीत सांगावं लागतं. मी शिकते आहे पावरी. आपली अहिराणी थोडी कामाला येते.

बोदवडच्या आत्याच्या वेळी तुम्ही काय केलंत ते मी पाहिलंय, नाना. तुम्ही तरी मला अडवू नका.

आई, ताप आला की तू कपाळावर पट्टी ठेवून ‘मनी माय, मनी माय’ म्हणत बसायचीस. मला अजूनही बरं वाटेनासं झालं की तेच ऐकावंसं वाटतं. तिथे आजारी पडले तर तुला कळवीन, लपवणार नाही.

आता ऐका. नाना, ऊन चढल्यावर केळीत जायचं नाही, ठिबक बघायला गडी आहे. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. आई, बिबड्या कर, पण नानांच्या ताटात एकच. गुडघ्याचा एक्स-रे याच आठवड्यात काढायचा आणि फोटो मला पाठवायचा. डोंगरात रेंज जाते, म्हणून दवाखान्याचा नंबर शेजारच्या वहिनींनाही दिला आहे.

तुमची,
बेबी