अर्धा किलो शिसे

आदरणीय भाऊ,

सा. न. वि. वि.

कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावरून परत येऊन आठवडा झाला. फोन केला असता तर तुम्ही नेहमीप्रमाणे ‘ठीक हाये’ म्हणून विषय संपवला असता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच, की स्कूबासाठी, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी, कमरेला किती शिसे बांधावे हे तुम्ही मला जसे समजावले, तसे नागपुरातून समुद्राकडे जाणाऱ्या आणखी चार जणांना समजावे.

मागच्या वर्षी कोकणातल्या एका केंद्रात मी कोर्स केला, तेव्हा माझ्या पट्ट्यात 10 किलो शिसे घातले गेले होते. माझे वजन 72 किलो, अंगात 3 मिलिमीटर जाडीचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख), पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर. हिशेब कोणी केला नाही, नवख्याला जास्तच बरे असे सांगण्यात आले. मी दगडासारखा खाली गेलो, गुडघ्यांनी वाळू उडवली, मग तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमध्ये हवा भरली तर वर सुटलो, ती सोडली तर पुन्हा खाली. बरोबरच्या लोकांची निम्मी हवा शिल्लक असताना माझ्या सिलिंडरच्या हवेचा काटा धोक्याच्या लाल भागात पोहोचला होता. आपल्याला हे जमणार नाही, अशी खूणगाठ बांधूनच मी नागपूरला परतलो होतो.

त्यानंतर एका परिचिताने तुमचे नाव सुचवले. धरणांच्या दरवाज्यांची पाण्याखालची कामे करण्यात तुमची उमेदीची वर्षे गेली, आणि माझा पट्टा हातात घेऊन तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, “इतकं शिसं कायले घेता जी?” मला उत्तर देता आले नाही.

पोहण्याच्या तलावावरची ती सकाळ मला तपशिलासह आठवते. तुम्ही मुद्दाम 50 बार (बार हे दाबाचे माप) हवा उरलेला सिलिंडर आणला होता, आणि पाण्यात उतरवण्याआधी तो व दुसरा 200 बारने भरलेला सिलिंडर धान्याच्या काट्यावर एकापाठोपाठ ठेवून दाखवलात. दोघांत 2 किलोंचा फरक निघाला. हवेला वजन असते हे शाळेत शिकलो होतो, पण डुबकीच्या शेवटी आपण तेवढे हलके झालेलो असतो, म्हणून वजन सुरुवातीच्या नव्हे, शेवटच्या क्षणासाठी ठरवायचे असते, हे मला त्या काट्याने शिकवले. मग जॅकेट पूर्ण रिकामे करून, पाय न हलवता, साधा श्वास घेऊन उभे राहायला सांगितलेत. पाणी डोळ्यांच्या रेषेला आले पाहिजे आणि श्वास सोडताच डोके सावकाश बुडले पाहिजे, ही तुमची कसोटी. पट्ट्यात 6 किलो होते. मी सरळ तळाला गेलो. तुम्ही एकेक तुकडा काढत गेलात. 4 किलोंवर मी तरंगू लागलो तेव्हा घाबरून वजन वाढवा म्हणालो, तर तुम्ही माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणालात, “शिसं नाही, श्वास धरून ठेवला तुम्ही.” भरलेल्या छातीत दोन-तीन लिटर हवा जास्त असते आणि तेवढेच किलो ती माणसाला वर उचलते. श्वास सोडला, आणि 4 काय, 3 किलोंवरही मी बुडलो.

दहा किलोंनी नेमके काय बिघडवले होते तेही तेव्हाच उलगडले. समजा, पाच किलो जादा शिसे, म्हणजे ते पेलायला जॅकेटमध्ये पाच लिटर जादा हवा. 10 मीटरवर दाब 2 बार असतो, 5 मीटरवर दीड. तेवढे वर येताच त्या पाच लिटरचे जवळजवळ पावणेसात होतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोंचा धक्का न मागता मिळतो. माझे ते वरखाली होणे यातून आले होते, आणि मी मात्र इतके दिवस स्वतःच्या पायांना दोष देत होतो.

मात्र तुमचे सर्वांत मोठे उपकार मी चुकणार होतो त्या जागी झाले. पोहण्याच्या तलावात 3 किलो पुरले, या आनंदात मी समुद्रातही तेवढेच घेणार होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला चिठ्ठी दिलीत: “समुद्रात अडीच वाढवा.” खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असते, मी व माझे सामान मिळून साधारण 100 किलो, म्हणून अडीच किलो. एवढा सरळ हिशेब मला सुचला नव्हता. 3 किलोंवर मी कदाचित खाली गेलोही असतो, पण शेवटी हवा संपत आल्यावर, वर येताना सुरक्षिततेसाठी 5 मीटरवर थांबणे मला जमले नसते, आणि थांबणे तर तिथेच आवश्यक असते.

केंद्रात तुकडे एक आणि दोन किलोंचे मिळतात म्हणून तुम्ही जुन्या पंच्यात गुंडाळून दिलेला अर्ध्या किलोचा तुकडा मी पट्ट्यात उजव्या बाजूला ओवला. तिथल्या प्रशिक्षकाने साडेपाच किलोंकडे पाहून भुवया उंचावल्या, पण पृष्ठभागावरची चाचणी पाहिल्यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या डुबकीच्या शेवटी काटा 50 बारवर होता, जॅकेट जवळजवळ रिकामे होते, आणि 5 मीटरवर तीन मिनिटे मी हात बांधून स्थिर राहिलो. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, बस.

तुम्ही फी घेतली नाहीत, शिवाय तर्री पोह्यांचे पैसेही मला देऊ दिले नाहीत, हे मी विसरलेलो नाही. तो अर्ध्या किलोचा तुकडा धुऊन, त्याच पंच्यात बांधून ठेवला आहे. रविवारी सकाळी तलावावर घेऊन येतो. त्या दिवशी पोह्यांचे पैसे मी देणार आहे.

आपला,
तलावावरचा उशिरा शिकलेला विद्यार्थी
नागपूर