घरी जाऊन करणार काय आहेस?

सावरकर नगर, ठाणे

चि. प्राजक्तास,
अनेक आशीर्वाद.

ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये आता एक दिघा गाव स्टेशन काय ते आहे, आणि तरी मी पत्र लिहितोय. फोनवर तू "हं, बोला बाबा" म्हणतेस तेव्हा मागे कीबोर्ड वाजत असतो. कागदाला घाई नसते, सवडीने वाच.

परवा रविवारी जेवताना तुला कॉल आला. हात खरकटा म्हणून तू कोपराने स्पीकर लावलास. पलीकडे तुझ्या टीममधला मुलगा, बोलण्यावरून लातूरकडचा वाटला. रविवारी दुपारी अडीच वाजता तो ऑफिसात होता. "मॅम, उरलेलं उद्या सकाळी लवकर येऊन करतो, आता रूमवर जाऊ का?" असं त्याने विचारलं. तू म्हणालीस, "घरी जाऊन करणार काय आहेस?" हसतच म्हणालीस, हे खरं. तो मात्र हसला नाही. "ओके मॅम" म्हणाला आणि तू आईकडे रस्सा मागितलास.

ते वाक्य मी पुरतं ओळखतो. वागळे इस्टेटला दुसरी पाळी सुटायची वेळ झाली आणि बदली आला नसला की सुपरवायझर मशीनजवळ येऊन हेच म्हणायचा. "डबल मार की," म्हणजे पुढची पाळीही तूच कर, "घरी जाऊन काय करणार?" फरक एवढाच, की आम्हाला ओटी, म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे, मिळायचे. फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे आठवड्याचे 48 तास, त्यापुढे दुप्पट दर. महिनाअखेरीला स्लिपवर तासांचा आकडा यायचा, तो चुकला तर आम्ही टाइम ऑफिसशी भांडायचो. त्या मुलाच्या स्लिपवर रविवार दिसतो का? की टीमला पिझ्झा मागवला की झालं?

आमच्या प्रेस शॉपमधल्या एकाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा जड भाग, स्लाइड, खाली येत नाही. हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर राहावेत म्हणून तशी रचना. पण दोन हात गुंतले की नग कमी निघतात. त्यामुळे टार्गेट गाठायला एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, ते कायमचं दाबलेलं राहायचं आणि एक हात मोकळा व्हायचा. बहिणीचं लग्न ठरलेलं म्हणून हा गडी डबलवर डबल करत होता. पहाटे चारच्या सुमाराला डोळा लागला असावा. मोकळा हात आत राहिला. दोन बोटं गेली. आम्ही त्याला इएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, हॉस्पिटलात नेलं तेव्हा तो वाटभर एकच सांगत होता, "पाचर मीच मारली होती, कुणाला बोलू नका." दुसऱ्या दिवशी त्या प्रेसवर दुसरा माणूस उभा होता.

तुझ्या पिढीकडे बघताना मला ती पाचर आठवते. तुम्हाला उशिरापर्यंत थांबा असं कुणी लेखी देत नाही. तुम्ही स्वतःच थांबता, वर त्याचा फोटो स्टेटसला टाकता. आणि तुमच्या कामात बोट तुटत नाही, त्यामुळे गेलेलं काही नजरेला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली एक अंदाज मांडला होता. आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम केल्यामुळे 2016 या एका वर्षात जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार माणसं पक्षाघाताने आणि हृदयविकाराने गेली. 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा अशांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त. तू डेटातली आहेस, आकडे तुला माझ्यापेक्षा चांगले वाचता येतात. मग तुझ्या पर्समध्ये अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं का असतात, तेही वाचून बघ.

इकडे मोठी माणसं काय म्हणतात? नारायण मूर्तींनी 2023 साली तरुणांना आठवड्याला 70 तास काम करा म्हणून सांगितलं. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं 90 तासांचं बोलणं बाहेर आलं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असं. म्हणजे तुझंच वाक्य, जरा वरच्या मजल्यावरून. 90 तास म्हणजे रविवार धरूनसुद्धा रोज जवळजवळ तेरा तास. यात लोकलचा वेळ धरलेला नाही, पण हे हिशेब मांडणारे ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी अडकत नाहीत.

तू म्हणशील, बाबा नेहमीसारखे युनियनचं भाषण देतायत. देतोच आहे. तुझा तो रविवार कुठून आला हे तुला ठाऊक असायला हवं, कारण तो ज्याने मिळवला तो आपल्या ठाण्यात जन्मलेला माणूस. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म 1848. गिरणीत स्टोअरकीपर होते. तेव्हा गिरणी कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभा असायचा, हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. 1884 साली लोखंड्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या अगदी साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. मग 1890 च्या एप्रिलात महालक्ष्मीला दहाएक हजार कामगार जमले. त्या सभेत दोन गिरणी कामगार बायका उठून बोलल्या. त्या काळात! 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1946 साली, कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला.

हे सगळं उलटंही फिरतं. 2025 च्या सप्टेंबरात आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस 9 तासांवरून 12 तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा 48 चीच, कामगाराची संमती लागेल, वगैरे. संमती कशी घेतात ते मी पाहिलेलं आहे.

त्या दिवशी तू म्हणालीस, एआय आलं की अर्धं काम कमी होईल, मग सगळेच निवांत. प्राजू, आमच्याकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आली तेव्हा आम्हीही हेच म्हणालो होतो. साध्या लेथवर जो बुश, म्हणजे पोकळ गोल भाग, कातायला वीसेक मिनिटं जायची, तो तिच्यावर तीनचार मिनिटांत उतरायचा. कोण लवकर घरी गेलं? कुणीच नाही. टार्गेट वाढलं, एका ऑपरेटरकडे दोन मशीन आल्या, आणि लेथवरच्या चार कारागिरांना हिशेब चुकता करून पाठवलं. केन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1930 साली लिहून ठेवलं होतं, की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला 15 तास काम पुरेल. 2030 आता उंबऱ्यावर आहे. संपत्ती कितीतरी पटींनी वाढेल हे त्याचं बरोबर आलं. वाचलेला वेळ कामगाराच्या पदरात आपसूक पडेल हे मात्र साफ चुकलं. यंत्र वेळ वाचवतं, पण तो कुणाला द्यायचा हे यंत्र ठरवत नाही.

तरी मला आशा आहे. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेल बंद ठेवण्याचा हक्क कायद्यात आहे. सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक 2018 साली लोकसभेत मांडलं होतं. मंजूर झालं नाही, पण मागणी कागदावर आली. लोखंड्यांच्या रविवारालासुद्धा निवेदनापासून सहा वर्षं लागली.

तू टीम लीड झालीस तेव्हा प्रशांत कॉर्नरचे पेढे मीच मजल्यामजल्यावर वाटले. अभिमान आहेच. पण आता सातआठ पोरांच्या संध्याकाळी तुझ्या हातात आहेत. तुझ्या तब्येतीचं आई सांगेल, ती रोज सांगतेच. मी त्या पोरांचं सांगतोय. तो लातूरचा मुलगा घरी जाऊन काय करेल? कपडे धुवेल, आईला फोन लावेल, पडून राहील. ते तुला मंजूर असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही. रात्री अकराला तुमच्या मजल्यावर जेवण घेऊन येणाऱ्या डिलिव्हरीवाल्यालासुद्धा कुणीतरी घरी वाट बघणारं असतं, आणि तुम्ही साडेसातला उठलात तर त्याची ती एक फेरी तरी वाचेल.

तेव्हा दोन गोष्टी कर. टीमला एक मेल टाक: संध्याकाळी सातनंतर आणि सुट्टीच्या दिवशी आलेल्या मेसेजला उत्तर दुसऱ्या कामाच्या दिवशी दिलं तरी चालेल, त्यावरून कुणाचं अप्रेझल बिघडणार नाही. आणि रविवारी कुणाला बोलवावंच लागलं, तर त्याची बदली रजा लेखी दे.

तुझ्या वरचा साहेब कुरकुर करेल, क्लायंट अमेरिकेत आहे म्हणेल. तर मग अमेरिकेच्या वेळेची वेगळी पाळी लावा म्हणावं, आमच्याकडे तीन पाळ्या चालायच्याच. ऐकलं नाही तर सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन द्या. एकटीने देऊ नकोस, आणि तुझी सही पहिली नको, मधे कुठेतरी असू दे. निवेदन कसं लिहायचं ते मला येतं. मसुदा मी मराठीत करून ठेवतो, शनिवारी आलीस की त्याचं इंग्रजी तू कर.

तुझे,
बाबा