तुमच्या बास फझ पेडलचा ब्लेंड नॉब मध्यावर आणला की बासच गायब होतो, त्याबद्दल तक्रार

नमस्कार टीम,

ऑर्डर नंबर आणि बिल सोबत जोडलंय. याआधी तुमच्या चॅटवर दोनदा आणि मेलवर तीनदा लिहून झालंय आणि प्रत्येक वेळी नवीन माणूस पहिल्यापासून विचारतो की बॅटरी बदलून बघितली का, म्हणून आता सगळं एकाच पत्रात सविस्तर लिहितोय. कृपया पूर्ण वाचा आणि ज्यांनी हे सर्किट डिझाइन केलंय त्यांच्यापर्यंत पोचवा.

मी पुण्यात राहतो, गेली चौदा वर्षं बास गिटार वाजवतोय. आमचा तिघांचाच बँड आहे, एक गिटार, एक ड्रम्स आणि मी. तिघांच्या बँडमध्ये गिटारवाला सोलो घ्यायला लागला की मागे फक्त बास उरतो, तेव्हा खालचा आवाज धरून ठेवायचा आणि वरची जागा पण भरायची, दोन्ही कामं एकट्या बासची. त्यासाठी मला फझ हवा होता, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणारा इफेक्ट. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याहून हलका फाटलेला आवाज, नको होता, तो माझ्या अँपमध्येच बरा येतो, मला तो भिंतीसारखा जाड, लांब टिकणारा फझ पाहिजे होता.

घ्यायच्या आधी मी जवळजवळ चार महिने शोधत होतो. गिटारवाल्या मित्राचा रॅट नावाचा डिस्टॉर्शन पेडल लावून बघितला, आवाज भारी पण ड्रम्स सुरू झाले की खालचं काहीच ऐकू येईना. ट्यूब स्क्रीमर हा गिटारचा ओव्हरड्राइव्ह पेडल तर साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग फारसा वाढवतच नाही, गिटारसाठी ते मुद्दाम तसं केलंय आणि गिटारला ते शोभतंच, पण बासची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, गिटारच्या खालच्या ई च्या बरोबर निम्म्यावर. म्हणून बाससाठी फझ निवडताना मी सगळ्यात आधी ब्लेंड आहे का ते बघतो. म्हणजे मूळ साफ सिग्नल एका वाटेने जातो, फझ दुसऱ्या वाटेने, आणि शेवटी दोन्ही एकत्र. खालचा दणका साफ वाटेतून येतो, वरचा करकरीतपणा फझमधून. ही काही आजची कल्पना नाही, गिब्सनने १९६२ मध्ये ईबी-०एफ नावाचा बास काढला त्यात फझ आतच बसवलेला होता, आणि १९६५ मध्ये पॉल मॅकार्टनीने बीटल्सच्या एका गाण्यात फझ बास वाजवला तेव्हा त्याच गाण्यात साधा बास पण वेगळा वाजवलेला आहे, दोन्ही एकावर एक. फझला खालून साफ बासचा आधार लागतो हे तेव्हापासून लोकांना माहितीये.

तुमच्या पेजवर तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पेडल खास बाससाठी डिझाइन केलंय, ब्लेंड नॉब आहे, आणि लो एंड, म्हणजे खालचा जाड आवाज, जराही कमी होत नाही. या तिसऱ्या वाक्यावर विश्वास ठेवून मी ११,५०० रुपये भरले. पेडल कुठल्याही दुकानात ठेवलेलं नाही, त्यामुळे आधी लावून बघायची सोयच नव्हती.

घरी छोट्या अँपवर लावलं तेव्हा ब्लेंड पूर्ण फझकडे होता आणि आवाज खरंच सुंदर होता, हे मला मनापासून सांगायचंय. नोट लांब टिकते, जी तारेवर वरती गेलं तरी चिरका होत नाही. म्हणूनच पुढे जे झालं त्याचं जास्त वाईट वाटलं. शनिवारी कोथरूडच्या जॅम रूममध्ये गेलो, ब्लेंड मध्यावर आणला, गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच कडव्यात ड्रमरने थांबवलं, म्हणाला, "अरे बास कुठंय? फक्त खरखर ऐकू येतीये." आधी मला वाटलं अँप, मग वाटलं केबल, मग अ‍ॅडॉप्टर. सगळं बदललं. ब्लेंड पूर्ण साफकडे नेला की बास येतो, पूर्ण फझकडे नेला तरी येतो, मध्ये आणला की खालचं सगळं गायब आणि वर नुसती डासासारखी गुणगुण. फझचा व्हॉल्यूम कमीजास्त केला तर तो खड्डा नॉबवर थोडा पुढेमागे सरकतो, जात नाही.

तुम्हाला कळवलं तर उत्तर आलं की फझमध्ये असं होतंच. नाही होत. फझमुळे आवाज बदलतो, दाबला जातो, पण दोन्ही टोकांना असलेला बास बरोबर मध्येच नाहीसा होत नाही. मग तुम्ही पेडल बदलून दिलं, त्याबद्दल आभार, पण दुसरा पीस आणि हुबेहूब तोच प्रकार. म्हणजे माझा पीस खराब नव्हता.

मग मी स्वतः शोधलं. बासचा सिग्नल दोन भागांत वाटला, एक सरळ कॉम्प्युटरमध्ये आणि एक तुमच्या पेडलमधून ब्लेंड पूर्ण फझवर ठेवून, दोन ट्रॅक एकाच वेळी रेकॉर्ड केले. मोठं करून बघितलं तर स्पष्ट दिसतं, साफ ट्रॅकची लाट वर जाते तेव्हा फझची खाली जाते, अगदी आरशात बघितल्यासारखं. दोन्ही एकत्र वाजवले तर बास गेला. फझच्या ट्रॅकचा फेज, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटा करायचं बटण दाबलं तर बास परत आला, आणि काय आला! मला चार महिने जो आवाज हवा होता तोच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या एका मित्राने मागचं झाकण उघडून बघितलं, फझच्या वाटेत एकामागे एक तीन ट्रान्झिस्टर आहेत आणि प्रत्येक जण सिग्नल उलटा करतो, म्हणजे तीनदा उलटा होऊन शेवटी उलटाच बाहेर पडतो, आणि साफ वाट सरळच राहते. दोन्ही सारख्या जोरात आले की खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो. वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, फक्त फझमध्येच तयार होतात, त्यांना खोडायला समोर कोणी नाही, म्हणून तेवढे उरतात. पूर्ण फझवर काहीच बिघाड दिसत नाही तो यामुळेच. मित्राच्या मते साफ वाटेवर एक ऑपअँप नावाची छोटी चिप आणि चार-दोन रेझिस्टर घालून सिग्नल एकदा उलटा केला असता तर काम झालं असतं.

त्यानंतर तुमचा डेमो व्हिडिओ मी परत तीनदा बघितला. सात मिनिटांत ब्लेंड नॉब एकतर पूर्ण डावीकडे असतो नाहीतर पूर्ण उजवीकडे, मध्ये एकदाही थांबत नाही. हे मुद्दाम केलंय असा आरोप मी करत नाहीये, पण मध्यावर ठेवून ड्रम्ससोबत कोणी एकदा जरी वाजवून बघितलं असतं तर हे पेडल असं बाजारात आलंच नसतं.

रिटर्नची मुदत सात दिवसांची होती आणि ती संपली असं तुमचं म्हणणं आहे. पण पहिली तक्रार मी चौथ्या दिवशी केलीये, चॅटचा स्क्रीनशॉट जोडलाय, मधले दिवस तुमच्या उत्तरांची वाट बघण्यात गेले.

मला एकतर पूर्ण पैसे परत द्या, किंवा फेज नीट केलेला बोर्ड तुमच्या खर्चाने बसवून द्या. खरं सांगायचं तर मला बोर्डच आवडेल, कारण यातला फझ मला सोडवत नाहीये. आणि दुरुस्ती होईपर्यंत पेजवरून लो एंडचं ते वाक्य काढा, कारण ते वाचून उद्या एखादा कॉलेजचा मुलगा साठवलेले पैसे घालेल, बास गेला की त्याला वाटेल आपल्यालाच वाजवता येत नाही, आणि फेज वगैरे शोधायला त्याच्याकडे कोणी मित्रही नसेल.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पहिल्या तक्रारीला आज चोवीस दिवस झालेत. महिना भरेपर्यंत ठोस उत्तर आलं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. दोन्ही ट्रॅकच्या फाइल्स आणि बोर्डचे फोटो जोडलेत, तुमच्या इंजिनिअरला बोलायचं असेल तर बिलावरच्या नंबरवर संध्याकाळी सातनंतर कधीही फोन करू दे, मी पेडल समोर घेऊन बसेन.

आपला,
एक बास वाजवणारा ग्राहक, पुणे